कॉलनीच्या उद्यानाचं काम निघालंय, लोकांना विचारायचं ते नेमकं कसं?

अनगोळचा_मी
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, खरं पूर्ण वाचा आणि मग सांगा. आमच्या इथं बेळगावात, अनगोळच्या कॉलनीत एक उद्यान आहे, एकराला थोडं कमी. तीसेक वर्षांपूर्वी लेआऊट पडला तेव्हापासूनची जागा. मधे जुनी दगडी विहीर आहे, तिच्यावर लोखंडी जाळी, चार मोठी जांभळं, कोपऱ्यात वाकडा बकुळ, आणि दोन झोपाळे ज्यातला एक कायम वरच्या दांडीला गुंडाळून टाकलेला. यंदा आमच्या नगरसेवकांनी सांगितलंय की निधी मिळण्यासारखा आहे, रहिवाशांना काय पाहिजे ते महिन्याभरात लिहून द्या.

म्हणून गेल्या रविवारी संध्याकाळी सहाला देवळाच्या हॉलमधे मीटिंग घेतली. तेवीस माणसं आली. त्यातली एकोणीस रिटायर झालेली पुरुष मंडळी. दीड तासात ठरलं की सगळ्या वाटेला पेव्हर बसवायचे, कारंजं करायचं, एक सेल्फी पॉइंट, बॉल खेळायला बंदी आणि रात्री आठला कुलूप. सगळ्यांनी हात वर केले, मी पण केला.

घरी येऊन आईला सांगितलं. आई वॉकर घेऊन चालते, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून. ती म्हणाली, "ते सगळं करा, खरं मी आत कशी जाऊ ते कुणी विचारलंय काय?" दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेलो. गुरं आत शिरू नयेत म्हणून फाटकाला ते गोल फिरणारं लोखंडी चक्र आहे ना, त्यात वॉकरचा एक पाय अडकला आणि आई तिथंच उभी राहिली. मागं दोन मुलं थांबली होती, तीही अवघडली. ती दोन मिनिटं मला अजून आठवतात. दोन वर्षं आई उद्यानात गेली नाही आणि मला वाटायचं तिला कंटाळा येतो.

तर प्रश्न असा की लोकांना विचारायचं म्हणजे कसं? मीटिंगला येतात त्यांचंच खरं धरायचं काय?

कॅम्पातला_बाळू
सेल्फी पॉइंट आधी रद्द करा. बाकीचं मग बोलू.

रानवेडा
जांभळं चार आहेत म्हणालात, त्यांच्या बुंध्याला आत्ता काय आहे? कॉंक्रीटचा कट्टा असेल तर पहिलं काम ते फोडायचं. पेव्हर बुंध्यापर्यंत भिडवले की मुळाला पाणी नाही, हवा नाही, पाच-सहा वर्षांत झाड शेंड्याकडून वाळत येतं आणि मग एका वळवात आडवं होतं. तेव्हा सगळे म्हणतात झाड कमकुवत होतं. दिल्लीत हरित लवादाने २०१३ सालीच झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितली होती. आपल्याकडं निदान तेवढं तरी करा, जांभळासारख्या मोठ्या झाडाला दोन मीटर सोडलं तर उत्तम.

आणि एक, प्लॅनमधे कुठं "अडथळा ठरणारी झाडे" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असलं तर आधी बघा. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, स्वतःच्या आवारातलं पण नाही.

वडगावची_सून
मी रोज संध्याकाळी उद्यानात जातो (आमच्याकडं बायका पण जातो-येतोच म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी चमकू नये 😀). आमच्या गल्लीत मागवाले जास्त. दिवसभर मागाचा खडखडाट, घरात बोललेलं ऐकू येत नाही, तर संध्याकाळी तासभर शांत बसायला बायका येतात. त्यांना काय पाहिजे विचाराल तर कारंजं कुणी सांगणार नाही. संडास पाहिजे. स्वच्छ, आतून कडी लागणारा, आत दिवा असलेला. तो नाही म्हणून कितीतरी बायका अर्ध्या तासात उठून घरी जातात, आणि हे मीटिंगमधे वीस पुरुषांसमोर कोण उठून सांगणार?

आणि आठला कुलूप का म्हणून? स्वयंपाक आवरून साडेआठला जरा चालायला निघावं तर फाटक बंद. मग रस्त्यावरून चाला, मोटारसायकली अंगावर.

मास्तर_रिटायर्ड
@अनगोळचा_मी, मी तुमच्या कॉलनीतला नाही, खरं वाचून थोडं लागलं. म्हातारे मीटिंगला आले ही चूक झाली काय? आम्ही येतो कारण आम्हाला वेळ आहे आणि आस्था आहे. उद्यानाचं पाणी कोण सोडतं, माळी आला नाही तर फोन कोण करतं, गेटचं कुलूप कुणाच्या खिशात असतं? आमच्याच. बॉलबंदीचं म्हणाल तर माझ्या मित्राच्या चष्म्यावर टेनिस बॉल बसला, काच डोळ्यात गेली नाही हे नशीब. कुलपाचं कारण असं की रात्री आमच्या उद्यानात बाटल्या सापडतात. सकाळी सहाला त्या आम्हीच उचलतो.

अनगोळचा_मी
गुरुजी, नाही नाही, राग मानू नका. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. तुमच्यासारखी माणसं नसती तर तिथं आज गवत आणि डुकरं असती. माझं म्हणणं एवढंच की जे आले नाहीत ते का आले नाहीत हे आम्ही बघितलंच नाही.

यॉर्कर_१५
आम्ही कुठं जायचं पण??? व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर जा, लेले मैदानावर जा म्हणतात. मी जाईन सायकलवरून, माझा भाऊ आठ वर्षांचा आहे त्याला तिसऱ्या रेल्वे गेटच्या ट्रॅफिकमधून आई सोडत नाही. आम्हाला पीच नको, एक कोपरा द्या, बाजूला जाळी मारा, आम्ही प्लास्टिक बॉलनेच खेळतो. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मास्तर_रिटायर्ड
@यॉर्कर_१५ बाळा, प्लास्टिक बॉल असेल तर माझी हरकत नाही. आणि विहिरीच्या बाजूला नको, चेंडू जाळीवर गेला की तुम्ही त्या जाळीवर चढता, मी बघितलंय.

यॉर्कर_१५
मी नाही चढत सर 🙏

खानापूरकर
मूळ प्रश्नाला उत्तर देतो. विचारायच्या आधी मोजा. आम्ही खानापुरात एका छोट्या बागेसाठी हे केलं होतं. वही घेऊन तिघे वाटून बसलो, सकाळी सहा, अकरा, दुपारी चार, रात्री साडेसात. मंगळवारी एकदा आणि रविवारी एकदा. कोण आलंय, कुठं बसलंय, काय करतंय एवढंच लिहायचं. पोरं, बायका, म्हातारे, एकटं कोण, घोळक्यात कोण. बाकं होती सगळी उन्हात, माणसं बसलेली सगळी पंपहाऊसच्या पायरीवर कारण सावली तिथं. म्हणजे बाकं कमी नव्हती, चुकीच्या जागी होती. हे कुठल्या मीटिंगमधे कळलं नसतं. नवीन बाक घ्यायच्या ऐवजी जुनीच उचलून झाडाखाली नेली, एक पैसा लागला नाही फक्त सिमेंट फोडायला पहार आणि चार माणसं.

आणि फाटकाबाहेर पण मोजा. कोण आत न येता पुढं निघून जातं, त्यांना थांबवून विचारा.

सीमावासी
फॉर्म काढणार असाल तर मराठीत काढा आणि उद्यानाच्या बोर्डावर मराठी पाहिजे हे पहिल्या ओळीत लिहा. आपल्या भागात मराठी माणूस कर भरतो आणि त्याला त्याच्या भाषेत एक पाटी मिळत नाही.

टिळकवाडी_अक्का
@सीमावासी पाटीचं मला पण वाटतं, माझ्या आईला कन्नड वाचता येत नाही, सूचना काय लिहिलीय ते तिला नातू सांगतो. ती मागणी मागणीच्या जागी ठेवा आणि जोरात ठेवा. खरं इथं विषय सगळ्यांना विचारायचा आहे. आमच्या शेजारच्या अज्जी पहाटे उद्यानात फुलं वेचतात, त्या कन्नड बोलतात, त्यांना कुठलीच भाषा वाचता येत नाही. मग मराठी फॉर्म काय आणि कन्नड फॉर्म काय, त्यांना दोन्ही सारखेच. त्यांच्याजवळ जाऊन बसून विचारावं लागेल.

सीमावासी
अक्का, मान्य. खरं मराठी फॉर्म नसेल तर आमच्या गल्लीतला एकही भरणार नाही हे पण लिहून ठेवा. मागच्या वेळी सूचनापत्र आलं ते नुसतं कन्नडमधे होतं, लोकांनी दाराला लावलेलं तसंच सोडलं, वाचलंच नाही. मुदत निघून गेली.

टिळकवाडी_अक्का
तेच तर. दोन्ही भाषांत छापा, पाठीला चित्रं काढा. झोपाळा, नळ, दिवा, बाक, संडास. बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. आमच्याकडं मुसलमान घरं पण आहेत, तिथल्या बायकांना हिंदीत वाचून दाखवलं की त्या भरभरून सांगतात. एकाच बाकावर तीन भाषा चालतात आपल्या गावात, फॉर्मवर का नको?

कॅम्पातला_बाळू
@टिळकवाडी_अक्का +१. मीटिंगला खायला कुंदा ठेवा, चौथी भाषा ती. सगळे येतील.

इंजिनियर_हिंडवाडी
सिव्हिलवाला आहे म्हणून चार गोष्टी. एक, पेव्हर. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस काय पडतो माहीत आहे, झाडाखालच्या पेव्हरवर महिन्यात हिरवं शेवाळ धरतं आणि पहाटे चालणारे ज्येष्ठ नेमके त्यावरूनच घसरतात. चालायच्या वाटेला दाबलेला मुरूम चांगला. मधे किंचित फुगवटा, दोन्ही बाजूला उतार आणि कडेला उथळ चर. दर वर्षी पावसाळ्यानंतर थोडा मुरूम टाकून रोलर फिरवावा लागतो, ते कुणी करणार असेल तरच.

खरं @अनगोळचा_मी, तुमच्या आईंच्या वॉकरला आणि व्हीलचेअरला मुरूम चालणार नाही, चाक रुततं. म्हणून फाटकापासून बाकापर्यंत आणि संडासापर्यंत एक वाट पक्की, खडबडीत फिनिशची, झाडाच्या सावलीतून न नेता उघड्यावरून न्या म्हणजे शेवाळ कमी धरेल. फाटक निदान नव्वद सेंटिमीटर मोकळं पाहिजे. रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. लोक चार फुटांत रॅम्प उरकतात, त्यावरून व्हीलचेअर नाही, घसरगुंडी जाते. गुरांसाठी चक्राच्या ऐवजी जमिनीत पाइपांची जाळी टाकायची पद्धत आहे, खरं तीपण वॉकरला वाईट, पाय अडकतो. साधं आपोआप बंद होणारं फाटक लावा, झालं.

दोन, झोपाळ्याखाली फरशी नको. फूटभर खोल वाळू टाका आणि ती वरचेवर खाली-वर करा नाहीतर दगड होते. घसरगुंडी पत्र्याची असेल तर तोंड पश्चिमेला नको, एप्रिलमधे चारला पोरांच्या मांड्या भाजतात.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, प्लॅन कागदावर फायनल करायच्या आधी एका धो धो पावसात छत्री घेऊन उद्यानात उभे राहा. पाणी कुठनं येतं, कुठं तुंबतं ते तेव्हाच दिसतं.

चौथं राहिलं, नंतर लिहितो, साइटवरून फोन येऊलाय.

वडगावची_सून
बाकाबद्दल पण लिहा की साहेब. बिनपाठीची बाकं कोण बसवतं देव जाणे. सासूबाई बसतात खरं उठताना धरायला काही नसतं, मग माझा हात धरतात आणि मी पण त्यांच्याबरोबर ओढला जातो. पाठ पाहिजे आणि बाजूला हात पाहिजे.

निपाणीचा_पाहुणा
एक सूचना. जागा मोठी आहे तर एका बाजूला समुदाय भवन बांधून घ्या. बारसं, मुंज, हळदीकुंकू सगळं होतं, भाड्यातून देखभाल निघते.

मास्तर_रिटायर्ड
@निपाणीचा_पाहुणा हे मात्र नको. कर्नाटकात उद्यानं, मैदानं आणि मोकळ्या जागांसाठी १९८५ चा कायदा आहे, उद्यानाची जागा दुसऱ्या कामाला वापरू नये म्हणूनच तो केला. एकदा पाया घातला की मग तिथं जनरेटर येतो, मंडप येतो, पार्किंग येतं आणि उद्यान फक्त बोर्डावर उरतं. मी माझ्या शाळेच्या मागच्या मैदानाचं हेच बघितलंय, आधी एक खोली, मग दुसरी, मग कंपाउंड. ज्या मुलांना मी तिथं खो-खो शिकवला त्यांची मुलं आता तिथं लग्नाला जेवायला जातात.

निपाणीचा_पाहुणा
बरोबर आहे गुरुजी, एवढा विचार केला नव्हता. मागं घेतो.

रानवेडा
त्या विहिरीबद्दल कुणीच काही बोलेना. दगडी विहीर आहे, जाळी टाकलीय, म्हणजे पाणी असणार. बेळगावच्या जुन्या विहिरी ही आपली ठेव आहे. १९९५ च्या दुष्काळात राकसकोप धरणाचं पाणी आटत आलं तेव्हा शहरातल्या जुन्या विहिरी उपसून, गाळ काढून परत वापरात आणल्या होत्या. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर तर सगळ्यांना माहीतच आहे, १९२४ च्या अधिवेशनाला, गांधीजी अध्यक्ष होते त्याच, पाणी पुरवायला खोदलेली. तुमची विहीर उपसा, पाणी तपासून घ्या, झाडांना तेच वापरा. कारंज्याच्या पैशात गाळ निघेल आणि एक छोटा पंप पण बसेल. डासांसाठी गप्पी मासे सोडा.

अनगोळचा_मी
@रानवेडा काल जाळीतून टॉर्च मारून बघितलं. पाणी आहे, खाली पायऱ्या पण दिसतात, वर प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक जुना चेंडू तरंगतोय.

यॉर्कर_१५
तो चेंडू आमचा आहे 😭

परदेशस्थ_शहापूरकर
धागा वाचून गाव आठवलं. लहानपणी आजोबा "गरिबांचं महाबळेश्वर" म्हणायचे बेळगावला, जूनमधे खिडकीतून धुकं आत यायचं. जांभळाखाली शर्ट जांभळा करून घरी गेलो की मार ठरलेला. जांभळं तोडू नका एवढीच विनंती, गाड्यांवर डाग पडतात म्हणून तोडा म्हणणारे निघतीलच.

कॅम्पातला_बाळू
निघालेत. आमच्याकडं मागच्याच महिन्यात अर्ज फिरत होता, मी सही केली नाही.

भाग्यनगर_ताई
आमच्या उद्यानाचा अनुभव सांगते, कारण मूळ प्रश्न विचारायचं कसं हा आहे. आम्ही पण आधी मीटिंगच घेतली आणि तुमच्यासारखंच झालं, मोठ्यानं बोलणाऱ्या चार माणसांचं उद्यान झालं असतं. मग आमच्यातल्या एका काकूंनी डोकं चालवलं. स्टीलचे सहा डबे आणले, लोणच्याचे असतात तसे झाकणवाले, झाकणाला भोक पाडलं. प्रत्येक डब्यावर एक चित्र चिकटवलं. संडास, दिवे, खेळणी, चालायची वाट, सावली आणि झाडं, ओपन जिम. उद्यानात येईल त्याच्या हातात दहा चिंचोके द्यायचे. वाटून टाका, नाहीतर दहाच्या दहा एका डब्यात टाका. आठ वर्षांच्या पोराला पण दहा आणि बंगलेवाल्या साहेबांना पण दहाच. हाताला अंगठ्याएवढा शाईचा ठिपका म्हणजे दोनदा कुणी येऊ नये.

बायकांचे, पुरुषांचे आणि मुलांचे चिंचोके वेगळे केले होते. बायकांना खडूने पांढरे केलेले, मुलांना हळद लावलेले. हळद निघून सगळ्यांचे हात पिवळे झाले ते सोडा. संध्याकाळी डबे ओतले चटईवर आणि सगळ्यांसमोर मोजले. संडासाचा डबा ओतला तर त्यात जवळजवळ सगळे पांढरे. एवढं शांत झालं सगळं. आमचे अध्यक्ष, ज्यांनी ओपन जिमचा आग्रह धरला होता, ते स्वतःच म्हणाले की जिम पुढच्या वर्षी बघू.

एक चूक झाली ती सांगते. आम्ही फक्त रविवारी सकाळी डबे ठेवले. घरकाम करणाऱ्या बायका, बिल्डिंगचे वॉचमन, दुपारी जांभळाखाली डबा खाणारे गवंडी, हे सगळे राहिले. ते पण उद्यान वापरतात, आपल्यापेक्षा जास्त वापरतात. तुम्ही दोन वारी आणि दुपारी पण ठेवा.

सीमावासी
हे भारी आहे. चिंचोक्याला भाषा लागत नाही.

इंजिनियर_हिंडवाडी
ताई, हे मी आमच्या ऑफिसात सांगणार. फक्त एक गोष्ट, डब्यावर अंदाजे खर्च पण लिहा. दिव्याला एवढे, संडासाला एवढे आणि वर्षाला सांभाळायला एवढे. नाहीतर लोक मागतात आणि मग निराश होतात. चौथा मुद्दा राहिला होता तो हाच, देखभाल. संडास बांधणं सोपं, रोज धुणारा माणूस ठरलेला नसेल तर सहा महिन्यांत त्याला कुलूप लागतं. निधी मागताना माळी आणि सफाईचा खर्च वेगळा मागा, लेखी.

वडगावची_सून
आणि त्या माणसाचा पगार वेळेवर द्या. तो पण कुणाचा तरी बाप असतो.

मास्तर_रिटायर्ड
कुलपाचं मी आमच्या उद्यानात जाऊन परत बघितलं. रात्री बाटल्या पडतात त्या मागच्या उंच भिंतीआड, तिथं दिवा नाही आणि बाहेरून काही दिसत नाही. भिंत कमरेएवढी करून वर गज लावले आणि एक दिवा दिला तर साडेनऊपर्यंत उघडं ठेवायला माझी ना नाही. किल्ली माझ्याकडं ठेवतो म्हणणारा तुमच्याकडं कुणीतरी असेलच.

अनगोळचा_मी
मंडळी, आठवड्याने परत आलो. खानापूरकरांनी सांगितलं तसं मोजलं. मंगळवारी दुपारी अकराला मी स्वतः बसलो वही घेऊन. मला वाटलं होतं कोण असणार. दोन गवंडी झोपलेले, एक बाई बाळाला घेऊन गुंडाळलेला झोपाळा सोडवायला बघत होती, तिचा हात पुरेना, मी सोडवून दिला. कॉलेजची एक मुलगी पुस्तक घेऊन बकुळाच्या मुळावर बसलेली, विचारलं तर म्हणाली घरात दोन खोल्या आणि सात माणसं, अभ्यासाला इथं येते, पाऊस लागला की कुठं जायचं कळत नाही. तीन वर्षं येते ती. मी तिला आज पहिल्यांदा बघितलं.

फुलं वेचणाऱ्या अज्जी आमच्याकडं पण आहेत. त्यांना मोडक्या कन्नडात विचारलं काय पाहिजे. त्यांनी नळाकडं बोट केलं. नळ आहे, खरं जमिनीपासून एवढा खाली की वाकून पाणी पिता येत नाही. मी रोज त्या नळाशेजारून जातो.

इंजिनियर साहेब, टेप घेऊन गेलो. फाटकाच्या चक्रातली मोकळी जागा पंचेचाळीस सेंटिमीटर. आईचा वॉकर साठ.

मीटिंगमधल्या मंडळींना हे सगळं वाचून दाखवलं. एक-दोघे चिडले, की एकदा ठरलेलं परत का उकरता. खरं कारंज्याचा विषय ज्यांनी काढला होता तेच काका म्हणाले, माझ्या सुनेनं पण संडासाचंच सांगितलं, मी मुद्दाम बोललो नाही. तर कारंजं आणि सेल्फी पॉइंट तूर्त बाजूला. नगरसेवकांकडून पंधरा दिवस वाढवून घेतलेत.

डबे या शनिवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी आणि बुधवारी दुपारी ठेवतोय. चित्रं यॉर्करच्या वयाची आमची पोरं काढतायत, नावं मराठी आणि कन्नड दोन्हीत. चिंचोके किती लागतील अंदाज घेतला तर दोन हजार तरी पाहिजेत. आमच्या घरी पावशेर निघाले. अनगोळ, वडगाव, भाग्यनगर भागात कुणाकडं असतील तर कळवा, येऊन घेऊन जातो.

भाग्यनगर_ताई
आमच्याकडं पोतंभर आहेत, धुऊन ठेवलेले. हळदीचे वेगळे काढते. शनिवारी चारच्या आत या.